चुन्याची रेघ

भाद्रपद वद्य द्वादशी. घट बसायला चार दिवस राहिले. भिंतींना चुना द्यायचा आहे, म्हणून सकाळीच भट्टीवरून दोन पाट्या कळीचा चुना आणवला आणि मागच्या अंगणात जुन्या पिंपात विझत घातला.

हे काम आमच्या घरी दुसऱ्या कुणी करायचं नाही, असा माझा नियम आहे. मुलगी म्हणते, "आई, गड्याला सांग की. तुला कशाला हवी ही दगदग?" मी सांगत नाही. कळीवर पाणी ओतायचं, तोंडावर पदर धरायचा आणि दोन पावलं मागे व्हायचं. आधी काहीच होत नाही. मग ढेकळांना तडे जातात, आतून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो आणि विस्तव नसताना पाणी उकळायला लागतं. ते उकळणं थांबेपर्यंत मी अंगणातून हलत नाही. मग काठीनं ढवळून बघते, एखादं ढेकूळ तळाशी कोरडं राहिलं आहे का. दुसऱ्यांदा बघते. मुलगी हसते. हसू दे.

आज पिंपाशी उभी असतानाच ठरवलं की वामननं मागितलेला लेख आता लिहूनच टाकावा.

वामन म्हणजे आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा त्या वेळचा कप्तान. आता तो त्याच शाळेत मास्तर आहे आणि शाळेचा वार्षिक अंक त्याच्या गळ्यात पडला आहे. गेल्या आठवड्यात आला, चहा घेतला, म्हणाला, "वहिनी, आपण सामन्यांची ढाल जिंकली त्या वर्षाबद्दल लिहा. मास्तर असते तर त्यांच्याकडूनच लिहून घेतलं असतं. आता तुमच्याइतकं ते कुणी जवळून पाहिलेलं नाही."

"काय लिहू?"

"गोड लिहा. पाऊस, चिखल, आमची धडपड. मल्लूनं शेवटी अडवलेला तो गोल. पोरांना वाचून हुरूप यायला पाहिजे."

"आणि मल्लूचे डोळे?"

वामननं कप खाली ठेवला. "ते आलंच ओघानं. पण थोडक्यात, वहिनी."

मला थोडक्यात जमेल असं वाटत नाही.

एकोणीस वर्षं झाली. जर्मन लढाई संपून दोन वर्षं झाली होती. मधल्या तापाच्या साथीनं शाळेचे वर्ग रोडावले होते. हजेरीपटावर लाल शाईच्या रेघाच रेघा. त्या साथीतून उरलेल्या पोरांतून आमच्या यांनी अकरा जण निवडले. हे शाळेत ड्रिल मास्तर. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालेला मुलगा पुण्याला जायचा, आणि तिथल्या कॉलेजच्या संघात सोलापूरचा एक तरी पोरगा जाऊ दे, हा यांचा ध्यास. त्या साली तो पोरगा कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मल्लिनाथ. सगळे मल्लू म्हणत. आडतीवाल्या लिंगायत घरातला, अक्कलकोटकडचा. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि गोलात उभा राहिला की दोन्हींची खिचडी. बॉल आपणच घेणार असला की पुढच्या पोरांवर ओरडायचा, "बिडू! बिडू!" सोड, सोड. महिन्याभरात तेलगू बोलणारी साळ्यांची पोरंसुद्धा आपापसांत "बिडू" म्हणायला लागली. पुण्याच्या एका कॉलेजच्या मास्तरांनी यांना पत्र लिहून कळवलं होतं की मुलगा पास झाला की पाठवा, गोलकीपर हवाच आहे. ते पत्र मल्लूनं स्वतः चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा मला वाचून दाखवलं. मला तो अक्का म्हणायचा. मी बावीस वर्षांची होते आणि तो सतरा.

आमची खोली शाळेच्या आवारातच होती. मागच्या पडवीतून अख्खं मैदान दिसायचं. काळी माती. पावसाची एक सर आली की पायाला शेरभर चिकटणार. बूट कुणाकडेच नव्हते, सगळे अनवाणी. भिजलेला बॉल पायाला लागला की ओल्या गोधडीवर धोपटणं मारल्यासारखा आवाज यायचा. सुका बॉल वेगळा वाजायचा. स्वयंपाक करता करता नुसत्या आवाजावरून मला कळायचं की तिकडे भुरभुर सुरू झाली, वाळवण आत घ्या.

बॉल कातड्याचा, म्हणून सासूबाई त्याला उंबरठ्याच्या आत येऊ देत नसत. तो पडवीतल्या खोक्यात असायचा. हे रविवारी त्याला एरंडेल चोळत बसायचे आणि मग अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल नाही. सासूबाई बजावायच्या, "आधी ते चांभारकाम धुऊन ये." हे हसून विहिरीवर जायचे. मध्यंतरात पोरं आमच्या मागच्या दारी पाणी प्यायला यायची. मैदानात एकमेकांच्या अंगावर पडून चिखलात लोळणारी ती पोरं आमच्या दारी आली की ओंजळ पुढे करून वाकायची आणि सिद्राम शिपाई वरून पाण्याची धार धरायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही. आता लिहिताना वाटलं, म्हणून लिहिलं.

आता चुन्याचं.

बाकीच्या शाळा कुदळीनं चर मारून मैदान आखायच्या. यांचा हट्ट होता की आपल्या मैदानावर पांढऱ्या रेघा हव्यात. पावसाळ्यात पातळ चुना टिकत नाही, म्हणून कोरडी भुकटी लागायची. ती करणं माझं काम. गुरुवारी सकाळी मी घमेल्यात कळीची ढेकळं घालून मागच्या पायरीवर ठेवायची. संध्याकाळी हातातली कामं उरकली की त्यावर बेतानं पाणी शिंपडायची. ढेकळं फुटून भुकटी झाली, गार झाली, की घमेलं पुन्हा त्याच पायरीवर. शनिवारी दुपारी सिद्राम यायचा, घमेलं उचलायचा, माझ्या चाळणीनं चाळायचा आणि रेघा मारायचा. पायरीवर घमेलं दिसलं म्हणजे चुना तयार. आठ आठवडे असंच चाललं. विचारायची कधी गरज पडली नाही.

नववा आठवडा ढालीच्या शेवटच्या सामन्याचा. गुरुवारी सकाळी मी कळी घमेल्यात घालून पायरीवर ठेवली. दुपारी मी बाहेरची झाले. तीन दिवस पडवीत, वेगळ्या कांबळ्यावर. आपला तांब्या, आपली थाळी. कशाला शिवायचं नाही. चुन्यावर पाणी घालायचं राहिलं.

सासूबाईंना एका वाक्यात सांगता आलं असतं. सांगणारही होते, शुक्रवारी सकाळी. पण त्या सकाळी पोरं ओसरीवर जमली होती, आणि वामन यांना म्हणाला, "मास्तर, आपल्या रेघा वहिनींच्या हातच्या आहेत, म्हणून आपण जिंकतो."

हे मोठ्यानं हसले. "अरे, त्यात काय आहे? पाणी ओतलं की चुना आपोआप विझतो. त्याला काही अक्कल लागत नाही."

पोरं हसली. मल्लूही हसला. मी पडवीत भिंतीला टेकून बसले होते आणि मला सगळं ऐकू आलं. मनात म्हटलं, बरं. मग ओता तुम्हीच.

एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी एकोणीस वर्षं शोधते आहे. सापडलेलं नाही.

शनिवारी दुपारी सिद्राम आला. मी तशी बसलेली असले की तो मान खाली घालून यायचा. बघायचा नाही, बोलायचा नाही. त्याची ती रीत होती. दोन दिवसांच्या पावसाळी हवेनं कळी अर्धीमुर्धी आपोआप फुलली होती. वरून बघणाऱ्याला विझलेल्यासारखीच दिसावी. मात्र ढेकळं नेहमीपेक्षा जास्त होती. सिद्राम क्षणभर थांबला. मग त्यानं दगड घेतला आणि ती ढेकळं बडवून बारीक केली, चाळली. मी बारा हातांवरून बघत होते. चाळणीचा आवाज मला अजून येतो. दळण चाळलं तरी येतो.

त्या काळी बाजूला बसलेली बाई पुरुषमाणसाला हाक मारत नसे, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. खोटं आहे. त्याच दिवशी सकाळी तुळशीला तोंड लावणाऱ्या शेळीवर मी इतक्या जोरानं ओरडले होते की हेडमास्तरांच्या घरातून माणसं बाहेर आली होती. आवाज होता माझ्याकडे.

सामना सुरू झाला. भुरभुर होतीच. पडवीत बसून मला मैदान दिसत होतं, माणसांच्या डोक्यांच्या वर-खाली. काळ्या मातीवर ती पांढरी रेघ, या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि तिच्यावर मल्लू. एकदा वाटलं, रेघेतून वाफ निघते आहे. मग वाटलं, पाऊस आहे.

मध्यंतरात पोरं पाण्याला आली. मल्लू ओंजळभर प्यायला आणि पडवीच्या टोकाशी आला, माझ्यापासून चार हात लांब. एका पायावर उभा, दुसरा पाय पोटरीला घासत.

"अक्का, पाय लई आग करायलेत. मुंग्या चावल्यात वाटतं."

मी त्याचे तळवे पाहिले. बोटांच्या बेचक्यांत पांढरं होतं आणि कडा लालभडक.

मला कळलं. इथे मी शब्द मोजून लिहिते आहे. मला शंका आली असं नाही, मला कळलं. आणि त्याच क्षणी हेही दिसलं की मी बोलले तर सामना थांबेल, दुसऱ्या शाळेचे मास्तर जमतील, हेडमास्तर येतील, आणि हे सगळ्यांसमोर माझ्याकडे बघतील. अर्धा खेळ तर झालाच आहे. अर्धाच राहिला आहे.

"हौदावर जा, पाय धू," मी म्हटलं. "चांगले खळाखळा धू."

"व्हय अक्का," तो म्हणाला आणि गेला. धुऊन आला. जाताना हात वर करून दाखवला, की थंड वाटतंय.

शेवटी शेवटी एक-शून्य होतं, आपलं एक. त्यांचा एक धिप्पाड पोरगा बॉल घेऊन आत घुसला. "बिडू! बिडू!" मल्लूची हाक इथपर्यंत आली. मग त्यानं अंग टाकलं. छातीशी बॉल, तोंड रेघेवर. सगळं मैदान ओरडलं. तो उठला नाही, तरी लोक ओरडतच होते, कारण बॉल त्यानं सोडला नव्हता. मग ओरडण्यातला एकच आवाज वेगळा झाला.

हे धावत गेले. घाईत धोतराच्या सोग्यानं त्याचे डोळे पुसले, चोळून चोळून पुसले. कुणीतरी म्हणालं तूप घाला. आमच्याच घरातून तूप नेलं. कुणीतरी पाणी आणलं, तर दुसरा म्हणाला, चुन्यावर पाणी नको, उकळेल. हौद पन्नास पावलांवर होता. दवाखान्यात नेईपर्यंत डोळ्यांवर पाण्याचा थेंब पडला नाही. मध्यंतरात पाय धू म्हणून सांगणारी मी पडवीत उभी राहिले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, विझलेला चुनासुद्धा डोळ्याला वाईटच. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं उशाशी घेऊन झोपले. पण ते पुढे काय म्हणाले, तेही मी ऐकलं होतं: इतकं झालं नसतं. उजवा डोळा गेला. डाव्यानं त्याला उजेड दिसतो, माणसाचा आकार दिसतो, अक्षर दिसत नाही.

चौथ्या दिवशी मी न्हाऊन घरात आले. चुलीपुढे बसले होते. हे दारात येऊन उभे राहिले. शाळेच्या मंडळींनी चौकशी लावली होती.

"चुना विझवला होतास ना?"

"हो."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि तीन वर्षांपूर्वी वारले तोपर्यंत कधीच नाही. त्यांना काय वाटलं होतं, हे मला कधी कळलं नाही. परवा त्यांची तिथी झाली. पान वाढताना तोच प्रश्न मनात होता. कावळा लगेच शिवला. त्यावरून काही ठरवावं, अशी मी बाई नाही.

चौकशीत असं ठरलं की शिपायानं पायरीवरचा चुना न नेता भट्टीवरची ताजी कळी परस्पर आणून वापरली असावी. सिद्रामनं डगला आणि पट्टा परत केला. जाण्याआधी मागच्या दारी आला आणि चाळण पुढे केली.

"तुमची चाळण, बाई."

मी घेतली. तो गेला. ती चाळण अजून घरात आहे. चांगली पितळी चाळण आहे, टाकायचं कारण नव्हतं. वापरते. प्रत्येक वेळी हातात घेतली की वाटतं, दारात कुणी उभं आहे.

ढाल शाळेत आहे, काचेच्या कपाटात. त्या जागेवर दोन पावसाळे गवत उगवलं नाही. सगळीकडे हिरवं आणि खांबापासून खांबापर्यंत एक पिवळा पट्टा. पोरं त्यावरून धावत गेली की मी दार लावून घ्यायची. मग आम्ही आवारातली खोली सोडून गावात राहायला आलो. यांना सांगितलं, पडवी गळते. गळत नव्हती.

मल्लू पुण्याला गेला नाही. वडिलांच्या आडतीवर बसला. आता तो मल्लूशेट आहे, जाडजूड झाला आहे, मोठ्यानं हसतो. वर्षाची ज्वारी मी त्याच्याकडूनच भरते. मुठीत दाणे घेऊन चोळतो आणि सांगतो, "ही मंगळवेढ्याची, अक्का. ही न्या. ती दुसरी तसलीच दिसते, पण हाताला खोटं बोलते." माझी चाहूल त्याला पायऱ्यांवरच लागते. एकदा म्हणाला, "एका डोळ्याचं बरं असतंय की. निम्मीच भांडणं दिसतात." दुकानातली माणसं हसली. मीही हसले. घरी येऊन ज्वारी निवडायला घेतली आणि तास झाला तरी सुपातला एक खडा वेगळा काढलेला नव्हता.

पाऊस लागला की मला अजून भिजलेल्या बॉलचा आवाज ऐकू येतो. शेजारी कुणी गोधडी धोपटत असतं, बाकी काही नसतं. पण हात थांबतो. मी अंधश्रद्धाळू नाही. भुतंखेतं मानत नाही. एवढं मात्र सांगते, की न बोललेला शब्द घरात राहतो. त्याला खायला-प्यायला लागत नाही आणि तो म्हातारा होत नाही.

वामन, तू गोड लिहा म्हणालास. तुझ्या अंकातल्या पोरांना हुरूप यावा असं यात काही नाही. छापायचं की नाही, ते तू ठरव. पण छापलंस तर हे कापू नकोस: कळी मी ठेवली, पाणी मी घातलं नाही, सिद्रामला नेताना मी पाहिलं, मध्यंतरात मला कळलं, आणि विचारल्यावर मी हो म्हटलं. हे असते तर मी हे लिहिलं नसतं. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं, हेही असू दे.

पिंपातला चुना गार झाला आहे. काठी घालून पाहिली. तळाशी ढेकूळ नाही.

*

त्रयोदशी. सकाळी कागद पिशवीत घालून निघाले. वामनकडे देण्याआधी तो एका माणसाला वाचून दाखवायला हवा होता.

सिद्राम साळ्यांच्या वस्तीत राहतो. नोकरी गेल्यावर गिरणीत लागला होता; आता छातीनं तेही होत नाही. घरात बसून मागवाल्यांना कांड्या भरून देतो. दारात त्याची सून विड्या वळत होती. रहाटाचा आवाज चालू होता.

"कोन हाय?"

"मी. ड्रिल मास्तरांच्या घरची."

रहाट थांबला. "बाई व्हय? या की. बसा हितं."

मी उंबऱ्यावर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. बराच वेळ लागला. सुनेचे हात मध्येच थांबले. सिद्रामनं रहाट पुन्हा सुरू केला होता, पण सूत दोनदा तुटलं. वाचून झाल्यावर तो काही वेळ तुटलेलं टोक शोधत राहिला.

"मला वाटायचं, माजंच चुकलं," तो म्हणाला. "ढेकळं लई दिसली व्हती त्या दिवशी. म्हनलं, इचारावं का? मग म्हनलं, बाईंनी केलंय म्हंजी झालंच आसंल. घरी येऊन रोज त्येच डोस्क्यात. आपुन इचारलं आसतं तर पोराचं डोळं ऱ्हायलं आसतं. एकोनीस वरसं, बाई."

बोलण्यासारखं सगळं कागदावर होतं.

"मल्लूशेटला सांगितलं का?"

"इथून तिकडेच जाणार आहे."

त्यानं मान हलवली. सूत गाठलं. मग एकदम म्हणाला, "रेघ सरळ व्हती, त्ये लिवलंय का?"

"नाही."

"का न्हाय? सुतळी न लावता मारायचो म्या. कुदळीवाल्यांच्या मास्तरानं त्या दिवशी थांबून बगितली व्हती. चौकशीत कुनीच इचारलं न्हाय. लिवा की."

पिशवीत पेन्सिल होती. कागद गुडघ्यावर ठेवून तिथेच उंबऱ्यावर लिहिलं: त्या शनिवारी सिद्राम शिपायानं सुतळी न लावता मारलेली रेघ, या खांबापासून त्या खांबापर्यंत, सरळ होती.

"वाचा."

वाचलं.

"आता जावा," तो म्हणाला. "ऊन व्हायच्या आत जावा."

मी कागदाची घडी केली, पिशवीत घातली आणि आडतीच्या रस्त्याला लागले.